हिंदाच्या घरची लिफ्ट

तीन जिने चढून आलेल्या ठमाबाईने मासळीची टोपली उंबऱ्यात टेकवली आणि बोंबलांच्या आधी बातमी काढली, तेव्हाच ताहिराने ओळखलं की आजचा दिवस नासला.

"तुमची सासू तं लय खूष हाय गो करंजाड्याला," ठमाबाई म्हणाली. "काल गेलते मी. हसून हसून डोल्यांना पानी. धाकटीनं काय तं मशीन आणलंय, तांदूळ आपोआप वाटतंय. आन एक रुपाया नाय दिला. फोनात काय ते पाइंट साठलं व्हतं, त्याच्यावर फुकट आलं म्हनं."

"बोंबील कसे दिलेस?"

"तुमच्या रगड्याला आता कोन इचारतंय," असं म्हणून ठमाबाईने मग भाव सांगितला.

ठमाबाई वीस वर्षं ताहिराच्या सासरी, मुकादमांकडे, मासळी घालत होती. पूर्वी एकच घर होतं. आता बाजारपेठेतलं थोरल्या दाऊदचं आणि करंजाड्यातलं धाकट्या ओवेसचं अशी दोन झाली, तर ती दोन्हीकडे जायची आणि इकडचं तिकडे पोचवायची. त्याचे वेगळे पैसे घेत नसे, एवढंच.

ती गेल्यावर ताहिराने बोंबील धुवायला घेतले आणि दोनच मिनिटांत तसेच ठेवून दिले. तिच्या पोटात दुखत होतं. बाईला बाईचं बरं झालेलं बघवत नाही तेव्हा दुखतं, तिथेच. ती स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. फक्त हे दुखणं कुणाला दाखवायचं नाही, एवढं तिने ठरवलेलं होतं.

आम्मा गुडघा धरल्यामुळे धाकट्या सुनेकडे गेल्या त्या "आठ दिवस" म्हणून. शबनमच्या इमारतीला लिफ्ट होती, इथे तीन जिने. आठ दिवसांचे दोन महिने झाले. रमझान पंधरा दिवसांवर आला तरी आम्मांची पेटी तिकडेच. आणि मुकादमांकडे रीत अशी की आम्मा जिथे, तिथे पहिला इफ्तार. महाडची नणंद, तळ्याचे मामू, सगळे तिथेच जमायचे. म्हणजे या वर्षी अठरा वर्षं घर सांभाळलेली थोरली सून हातात डबा घेऊन पाहुण्यासारखी करंजाड्याला जाणार, आणि लग्नाला सहा वर्षं झालेली शबनम दार उघडून "या भाभी" म्हणणार. ते "या भाभी" ताहिराला आतापासूनच ऐकू येत होतं.

त्यात आता मशीन. सांदण हा ताहिराचा प्रांत होता. भिजवलेले तांदूळ आणि ओलं खोबरं रगड्यावर वाटायचं, नारळाच्या पाण्यात आंबवायचं, वाफेला लावायचं. घरात मिक्सर होता, पण सांदणाला ताहिराने तो कधी लावला नाही. पनवेलात इतकं हलकं सांदण कुणाचं होत नाही, असं आम्मा एकदा पंचवीस माणसांसमोर बोलल्या होत्या. ताहिराचं उजवं मनगट त्यापायी कायमचं दुखायला लागलं होतं, पण वाक्य होतं ना.

फुकट आलं म्हणे. पॉइंट म्हणे. आणि तिथेच तिच्या डोक्यात दिवा लागला.

आम्मा संशयाचा घास खात नसत. घराण्यातच होतं ते. सासरे हयात असताना शिरढोणकडची जमीन गेली, मोबदला बँकेत पडून राहिला आणि त्याच्यावर व्याज चढलं. सासऱ्यांनी मोबदला घेतला आणि व्याजाला हात लावला नाही. सुदाचा पैसा घरात नको, आणि दान करून सवाब, म्हणजे पुण्यही, मागायचं नाही. मग त्यांनी त्या पैशातून बाजारात सार्वजनिक मुतारी बांधून दिली आणि तिच्यावर नाव घालू दिलं नाही. लोकांनी ते आपणहून दिलं. दुसऱ्या घराण्यांची नावं मशिदींच्या पाट्यांवर असतात. मुकादमांची मुतारी साऱ्या पनवेलात प्रसिद्ध होती आणि मुकादमांना तिचा अभिमान होता.

त्या माणसाची बायको कंपनीच्या फुकट पॉइंटांवर दळलेलं खाणार? कळलं तर त्याच दिवशी पेटी घेऊन परत येतील.

तिने आधी नवऱ्याला सांगून पाहिलं. दाऊद दुपारी भांड्यांचं दुकान बंद करून जेवायला आला होता.

"अहो, मुफ्तीसाहेबांना विचारा ना एकदा. असले पॉइंट चालतात का?"

"ऑनलाइनचं नाव माझ्यासमोर काढू नकोस," दाऊद ताटावरून मान न उचलता म्हणाला. "काल एक बाई आली. कुकर उघडून बघितला, शिटी वाजवून बघितली, फोटो काढला आणि गेली. घरी जाऊन फोनवर घेणार. आमचं दुकान म्हणजे फुकटचं प्रदर्शन. हलाल की हराम ते मला माहीत नाही, हरामखोर आहेत एवढं माहीत आहे."

ताहिरा गप्प बसली. या विषयावर ती नेहमीच गप्प बसायची. का, ते पुढे येईलच.

शेवटी तिने स्वतःच दुकानाच्या बिलबुकातला कागद फाडला. मसला म्हणजे धर्माचा सवाल विचारताना खरं नाव घालायचं नसतं, नाहीतर ती चुगली होते. पुरुष असला तर जैद लिहायचं, बाई असली तर हिंदा. ही जुनी रीत ताहिराला माहीत होती आणि तिने ती पाळली. तिने लिहिलं:

"हिंदा नावाची एक बाई आहे. तिचा नवरा कुवेतला असतो. ती नवीन इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे. दिवसभर ती फोनवर खरेदी करते. त्यावर कंपनी तिला पॉइंट देते. त्या फुकटच्या पॉइंटांवर तिने मशीन घेतलं आणि त्याच्यावर वाटलेलं ती आपल्या परहेजगार सासूला खाऊ घालते. तर हे सूद झालं की जुगार झाला?"

हलाल की हराम, असं विचारायचं असतं. ताहिराने हलालला जागाच ठेवली नव्हती. कागद तिने मुफ्तींच्या बायकोच्या हाती दिला, आणि जवाबाची वाट बघत चार दिवस ती इतकी गोड वागली की दाऊदने तिला ताप आहे का विचारलं.

जवाब आलाच नाही. निरोप आला. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मुफ्ती हमझा करंजाड्याला आम्मांकडे जेवायला येणार होते. आम्मांनीच बोलावलं होतं, आणि सगळ्यांनी यायचं होतं.

*

दाऊद आणि सतरा वर्षांची आफरीन लिफ्टने गेले. ताहिरा जिन्याने चढली. सहाव्या मजल्यावर पोचली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, आणि दार उघडून शबनम म्हणाली, "या भाभी. अगं बाई, जिन्याने आलात? पाणी देऊ?"

"नको."

मशीन ओट्यावरच होतं. लाल रंगाचं, बुटकं, वर काचेचं झाकण. आम्मा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. त्यांचा चेहरा भरला होता. ताहिराला ते बघून बरं वाटायला हवं होतं, तर तिला रडू आलं.

मुफ्ती हमझा वयाने तिशीतले, दाढी अजून काळीभोर. बँकेचे आणि व्यापाराचे मसले त्यांनी वेगळे शिकले होते आणि गावातले म्हातारे त्यांच्याकडे थोड्या संशयाने बघायचे. जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ताहिराला बिलबुकाची निळी रेघ लांबूनच दिसली.

"एका बहिणीने मसला विचारलाय," ते म्हणाले. "हिंदा म्हणून कोणी आहे तिच्याबद्दल." त्यांनी तो वाचून दाखवला. लिफ्टसकट.

दाऊदने बायकोकडे बघितलं. शबनमची मान हळूहळू खाली गेली.

"आधी एक सांगतो," मुफ्ती कागद ठेवत म्हणाले, "हिंदाच्या घराला लिफ्ट आहे की नाही, याने मसला बदलत नाही."

आफरीनला हसू फुटलं. तिने ते ओढणीत दाबलं.

"हे माझ्या घरचंच आहे," आम्मा शांतपणे म्हणाल्या. "कागदाचं कानावर आलं तेव्हाच ओळखलं, म्हणून इथे बोलावलं. शबनम, फोन आण आणि त्यांना सगळं दाखव. मुफ्तीसाहेब, हराम असेल तर हराम सांगा. मशीन आत्ता खाली कुणा गरिबाला देऊन टाकू. आमच्याकडे मुतारी आहेच, दुसरी नको."

शबनमने फोन आणला. लॉकचा आकडा तिचा दोनदा चुकला. हे ताहिराने पाहिलं आणि तिला आनंद झाला. थोडा नाही, चांगला झाला.

"पैसे कसे देता?" मुफ्तींनी विचारलं. "बँकेच्या कार्डाने? की त्या ॲपमध्ये आधी पैसे भरून ठेवता?"

"नाही. सामान घेऊन येतो त्याला रोख देते."

"पक्कं?"

"ओवेसने सांगून ठेवलंय, कार्ड वापरायचं नाही म्हणून."

"मग ऐका. यात उलेमांची मतं सारखी नाहीत, मी मला पटलेलं सांगतो. ॲपमध्ये पैसे ठेवले आणि ठेवले म्हणून बक्षीस मिळालं, तर ते पैसे म्हणजे कर्ज आणि कर्जावरचा फायदा म्हणजे सूद. ते टाळायचं. बँक देते त्यातही मला शंका आहे. पण इथे विकणारा स्वतःच्या नफ्यातून गिऱ्हाइकाला देतोय. दाऊदभाई, तुम्ही बारा ताटांवर एक वाटी देता की नाही?"

"डझनावर दोन देतो," दाऊद म्हणाला.

"तसंच हे. सवलत आहे. सूद नाही. चिठ्ठ्या टाकून एकालाच मिळालं असंही नाही, म्हणजे जुगार नाही. जायज आहे."

ताहिराला वाटलं, सहा मजले उगाच चढले. शबनमने डोळे पुसले आणि मान वर केली, आणि ते बघून ताहिराचा तोल गेला.

"पण इतके पॉइंट साठतात कसे?" ती म्हणाली. "एकट्या बाईला एवढी खरेदी लागते कशाला? त्याचा हिशेब कोणी विचारायचा?"

"सवाल बरोबर आहे," मुफ्ती म्हणाले. "ही खरेदी कोणाकोणाची आहे?"

शबनमने ताहिराकडे एकदा बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते ताहिराला तेव्हा कळलं. शबनम विनवत होती. भाभी, हे विचारू नका.

पण तोवर फोन मुफ्तींच्या हातात होता आणि ते वरून खाली वाचत होते. "शाळेचे बूट, मुलींचे. चादरी, दोन. अबाया. प्रेशर कुकर, पाच लिटर. पंखा. पुन्हा अबाया. कॉलेजची बॅग..."

"ती बॅग माझी," आफरीन सहज बोलून गेली. "बूट पण. आम्मी मला फोटो दाखवते, मी चाचीला पाठवते आणि आम्मीच्या पैशाने चाची मागवते. पंखा पण आमचाच. आणि कुकर..." इथे तिच्या लक्षात आलं. उशीर झाला होता.

"कुकर?" दाऊद म्हणाला.

पनवेलच्या बाजारपेठेत तीस वर्षं कुकर विकणारा माणूस तो शब्द असा म्हणाला की ताहिराने भिंतीकडे तोंड केलं.

"तो तुझ्या माहेरून आला होता ना?"

"तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, कुकरचा दांडा तुटलाय," ताहिरा भिंतीला म्हणाली. "तिन्ही वेळा म्हणालात, उद्या आणतो. भांडीवाल्याच्या घरात फडक्याने धरून कुकर उतरवत होते मी सहा महिने."

"म्हणून ऑनलाइन?"

"म्हणून ऑनलाइन."

गिऱ्हाईक घरातच निघाल्यावर दुकानदाराने बोलायचं तरी काय.

मुफ्तींनी घसा साफ केला. "मग मसला दुसराच आहे. शबनमबहन, जेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी खरेदी करता, तेव्हा तुम्ही त्याच्या वकील असता. वकिलाला सवलत मिळाली तर ती ज्याचे पैसे त्याची. त्याने खुशीने दिली तर गोष्ट वेगळी. यातले बहुतेक पॉइंट ताहिराबहनच्या खरेदीचे दिसतात. त्यांना विचारलं होतं?"

"नाही," शबनम म्हणाली. तिचा चेहरा मशीनच्या रंगाचा झाला होता. "कसम, माझ्या डोक्यात आलंच नाही. ते माझ्या फोनवर दिसायचे, म्हणून मला वाटलं माझेच. भाभी, मला माफ करा."

"मग मशीन ताहिराचं," आम्मा म्हणाल्या. "ताहिरा, ने ते."

आता जिंकायला काहीच उरलं नव्हतं. मशीन तर मिळालं, ताहिरा मनात म्हणाली. आणि जे खरं हवं होतं ते तिने मागितलं.

"मशीन नेते. पण आम्मा, तुम्हीही चला. रमझान तोंडावर आलाय. तुम्हाला आवडतं तसं सांदण मी रगड्यावर करते. दगडाची चव या डब्याला येणार आहे का?"

"सांदण?" आम्मांनी आश्चर्याने तिच्याकडे बघितलं. "इथल्या सांदणासाठी मी राहिले असं वाटतंय तुला? अगं, हिला कुठे जमतंय. दोनदा दगड झाला. मागच्या आठवड्यात तर वाफ दिल्यावर ते असं बसलं की आम्ही दोघी हसून हसून मेलो. ठमाबाई उभी होती दारात."

"मग लिफ्ट."

"लिफ्टचं मला भय वाटतं. मी खालीच उतरत नाही." आम्मांनी गुडघ्यावरची पिशवी बाजूला केली. त्या आता हळू बोलत होत्या, पण मुफ्तींसमोर बोलत होत्या आणि थांबत नव्हत्या. "तू माझं काही कमी केलं नाहीस, पोरी. औषध वेळेवर, जेवण गरम. मी अल्लाहपुढे तुझी गवाही देईन. पण अठरा वर्षं मी त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसले आणि तुझी पाठ बघितली. मी काही बोलले की तू म्हणायचीस, आत्ता नको आम्मा, हात भरलेत. ही बघ, हिला धड भात येत नाही. पण ही समोर येऊन बसते."

ताहिराने मशीनची वायर काढली, गुंडाळली, आणि लाल डबा उचलून दाराकडे निघाली. वाटायचे दगड आतच होते. उजव्या मनगटातून कळ गेली.

"भाभी, जड आहे, मी..."

"माझं आहे. मी नेते."

या वेळी ती लिफ्टने उतरली.

रिक्षात मशीन तिच्या आणि दाऊदच्या मध्ये बसलं होतं. खाडीपुलावर दाऊद म्हणाला, "कुकर चांगला आहे का?"

"बरा आहे. दांडा हलतो."

"उद्या..." दाऊद म्हणाला आणि थांबला. "आज आणतो दुकानातून."

*

दुसऱ्या दिवशी दाऊद दुकानात आणि आफरीन क्लासला गेल्यावर ताहिराने तांदूळ उपसले. रागानेच उपसले. रगड्याकडे गेली, मनगट दुखलं, परत आली. मशीन धुऊन ओट्यावर मांडलं, तांदूळ घातले, खोबरं घातलं, बटण दाबलं. दगड आपोआप फिरायला लागले.

ती हात पुसून उभी राहिली. झाकणावर वीस मिनिटं लिहिलं होतं. ओटा पुसला. डबे सरळ केले. आजचे बोंबील धुतलेले होते, कुकरला नवा दांडा होता. अजून सतरा मिनिटं होती.

दारात आम्मांची खुर्ची तशीच होती. दोन महिन्यांत तिथे कोणी बसलं नव्हतं. ताहिरा बसली. समोर तिला रगडा दिसला, त्याच्यामागची भिंत दिसली आणि रगड्यापुढचा पाट दिसला. पाट भिंतीकडे तोंड करून मांडलेला होता. तो तिने स्वतः तसा मांडला होता, उजेड यायचा म्हणून. इथून बसणाऱ्याला वाटणारीची वेणी दिसली असती आणि हलणारे खांदे. बाकी काही नाही.

तिने फोन उचलला. शबनमच्या फोनवरच करावा लागला, आम्मांचा वेगळा नव्हता. शबनमने "भाभी" म्हटलं आणि पुढे काही न बोलता फोन आम्मांना दिला.

"ताहिरा? काय झालं? दाऊद बरा आहे ना?" आम्मा घाबरून म्हणाल्या. दिवसाउजेडी, काही कारण नसताना, ताहिराने त्यांना कधी फोन केला नव्हता.

"काही झालं नाही. तांदूळ वाटले जातायत. मी बसलेय."

"बसलीयस?"

"तुमच्या खुर्चीवर."

मशीन घरघरत होतं. काय बोलावं ते ताहिराला सुचेना. अठरा वर्षांत सवयच लागली नव्हती. मग जे जिभेवर होतं तेच तिने बोलून टाकलं.

"आम्मा, मी शबनमवर जळते. फार जळते. तुम्ही तिच्याकडे हसता ना, ते मला बघवत नाही. तो कागद मी मसल्यासाठी लिहिला नव्हता."

"ते सगळ्यांना कळलं, पोरी. त्यात लिफ्ट होती." आम्मांच्या आवाजात हसू होतं, आणि मग ते गेलं. "बोल अजून. मी ऐकतेय."

ताहिराने मशीनकडे बघितलं. अजून चौदा मिनिटं होती. तिने पाय वर घेतले आणि बोलायला लागली.